पातीवरची राख

फोन आला तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक उज्वला गांगुर्डेच्या पुढ्यात चहा होता, आणि तो तसाच राहिला.

"मॅडम, विंचूरच्या पलीकडं सानप वस्तीवर माणूस गेलाय," हवालदार पुंजा पलीकडून सांगत होता. "मल्हारी सानप. वय बासष्ट. औषध प्यायलाय."

औषध म्हणजे कीटकनाशक. जीव घेणाऱ्या गोष्टीलाही आपल्याकडे औषधच म्हणतात, त्याला कोण काय करणार!

सोमवारची संध्याकाळ, फेब्रुवारीचे दिवस. वस्तीच्या मागे पांढऱ्या जाळीचं एक घर उभं होतं, एखाद्या शाळेच्या वर्गाएवढं. आत छातीभर उंचीचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे दांडे, शेंड्याला पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे. त्या डोंगळ्यांच्या मधोमध मल्हारी उताणा पडला होता. उजव्या हाताशी औषधाची बाटली. पायाशी पाठीवरचा फवारणीचा पंप, अर्धा रिकामा. आतल्या पातीवर फवाऱ्याचे वाळलेले थेंब होते.

"फवारता फवारता डोक्यात काय आलं देव जाणे," पुंजा म्हणाला. "उरलेलं प्यायला. अपघात म्हणा नाहीतर आत्महत्या."

"म्हणायचं काय ते नंतर म्हणू, पुंजाकाका."

उज्वला वाकली. मल्हारीच्या अंगात गर्द निळा कोरा सदरा होता, घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या. पाठीवर आणि बाह्यांवर मात्र पांढुरके ओरखडे. धूळ असेल म्हणून तिने बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही, मेणचट काहीतरी लागलं. हे आपल्याला ओळखीचं आहे, एवढंच तिला वाटलं. कुठून, ते आठवेना.

जाळीच्या दाराशी एक बाई उभी होती. रडत नव्हती. लताबाई, मल्हारीची बायको. दुपारभर ती बाहेर होती, संध्याकाळी तिनेच त्याला पाहिलं होतं.

"बाई, माझा माणूस औषध पिणारा नव्हता," ती म्हणाली. "आन् ते सोडा. तो इथं फवारत कशाला व्हता, ते आधी सांगा मला."

"कांद्याला फवारतातच ना, मावशी?"

"साध्या कांद्याला फवारत्यात. आमच्या चकचकीला नाय."

तिने एक पात मोडून उज्वलाच्या हातात दिली. कांद्याची पात निळसर असते, अंगावर राख फासल्यासारखी. ही पात हिरवीगार आणि चकचकीत होती, नुकतं तेल चोपडल्यासारखी. शिवाय गोल नळीसारखी नव्हती, जराशी चपटी आणि पीळ घेतलेली.

"आठ सालं झाली. वावरात एकच रोप असं निघालं. समदा वाफा फुलकिड्यांनी पांढराफटक झाला, आन् हे एकटं हिरवं. किड्याला त्या राखेचाच लळा, राख नाय तर बसत नाय. तवापास्नं यानं दुसरा उद्योग केला नाय. लोक म्हणायचे, मल्हारीला कांदा लागलाय."

"मग एका रोपाचं एवढं झालं कसं?"

"सोपं व्हतं व्हय! पयल्यांदा साध्या कांद्याशी फुलं लावली, तर समदी पोरं साध्यावर गेली. एक म्हनून चकचकीत नाय. रडला तो. मंग त्या पोरांचंच बी आपसात धरलं, तवा चारात एक निघालं. गुण मरत नाय बाई, लपून बसतो. तवापास्नं जाळी. बाहेरची माशी आत नाय, आतली बाहेर नाय."

"बियाणं कुठं आहे?"

लताबाईने वर पाहिलं. दाराच्या वर खिळा होता. खिळ्याला काहीच नव्हतं.

"डबा इथं आसायचा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "पत्र्याचा. वहीबी त्यातच. बाई, लोक उद्या म्हनतील मल्हारीनं जीव दिला आन् कांदा कुणा भलत्याचाच व्हता. त्याचं नाव तेवढं राहू द्या हो. दुसरं काय मागत नाय मी."

उज्वलाने जाळीघर मोहोरबंद केलं. उन्हातान्हात बघे येतात आणि पुराव्याची माती करतात, म्हणून जाळीवर चारी बाजूंनी हिरवं शेडनेट गुंडाळून घेतलं. आतलं काही दिसेनासं झालं.

मंगळवारी दुपारी शवविच्छेदनाचा तोंडी निरोप आला. डोक्याच्या मागे खोल मार. तोंडात औषध होतं, पोटात उतरलंच नव्हतं. मेलेला माणूस गिळत नाही.

म्हणजे खून. आणि संशय घेण्याजोगा माणूस शेजारीच राहत होता.

मल्हारीचा धाकटा भाऊ संतोष. दोघांच्या वावराला बांध एकच. संतोषचंही डोंगळ्याचंच पीक, पण साधं, राखी पातीचं. दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक.

"बोलणं का बंद?" उज्वलाने विचारलं.

संतोष बांधावर उकिडवा बसला होता. डोळे लाल. "पयली चूक माझी. दादा दवाखान्यात व्हता. त्याच्या रोपावर जरा करपा रोग दिसला म्हून मी आपल्या हातानं फवारलं, आपल्या कांद्यासारखं. रोपं जळाली. निम्मी. त्यानं मला वावरात पाय ठिवू दिला नाय परत."

"आणि तुमची तक्रार काय होती?"

"गेल्या साली वादळात त्याची जाळी फाटली. त्याच्या माश्या माझ्या फुलांवर. माझं समदं बी भेसळ झालं. विकता येईना, फेकवना. पोतं तसंच माळ्यावर पडलंय. मंग तेवढ्यापुरतं मीबी बांधावरून बोललो दोन शब्द. वाईट बोललो."

"सोमवारी कुठं होतात?"

"विंचूरला, कांदे घेऊन. बाराला लिलाव झाला. मंग ट्रॅक्टरची वाट बघत बसलो, पाचला आलो."

"बारा ते पाच कुणी पाहिलं?"

संतोषने मान खाली घातली.

"घरात कोण होतं?"

"कोन नाय. बायको देवळाली कॅम्पला, लेकीकडं. जावई फौजेत हाय. दोन दिस कुलूपच व्हतं. शनवारीच समद्या वस्तीला सांगून गेली ती."

उज्वला उठली आणि संतोषच्या डोंगळ्यांच्या कडेने चालू लागली. पलीकडे रस्त्याला लागून त्याची विहीर, तिच्याजवळ पत्र्याची मोटारखोली. खोलीपासून मल्हारीच्या जाळीघराकडे पायवाट होती, पण ती थेट संतोषच्या अंगणातून जात होती.

चालता चालता तिचा हात एका दांड्याला घासला. काळ्या घड्याळाच्या पट्ट्यावर पांढुरका ओरखडा उमटला.

आणि एकदम तिला आई आठवली. उज्वला दहा वर्षांची असताना आईबरोबर कांदे लावायला रोजाने जायची. संध्याकाळी आईच्या निळ्या लुगड्यावर असेच ओरखडे असायचे, आणि आई म्हणायची, कांद्यानं रांगोळी काढली बघ. पातीवरची राख म्हणजे मेणच असतं. घासलं की निघतं, कापडाला चिकटतं.

अगं बाई!

मल्हारीच्या सदऱ्यावर ती राख होती. आणि त्याच्या जाळीघरातल्या पातीवर राखच नव्हती.

ती बांधावर चढली आणि सगळं पीक एकदा वरून पाहिलं. निळसर राखी वावरातून एक गर्द हिरवा पट्टा गेला होता, दोन हात रुंद. दांडे मोडले नव्हते, फक्त त्यांच्या अंगावरचं मेण पुसलं गेलं होतं. पुसलेली राख जुन्या पातीवर पुन्हा धरत नाही. पट्टा मोटारखोलीच्या दारापासून निघत होता आणि जाळीघराशी संपत होता.

मोटारखोलीत, मोटारीच्या लोखंडी बैठकीच्या कोपऱ्यावर, रक्त आणि चार पांढरे केस होते. फळीवर औषधाच्या बाटल्या. पंपाची जागा रिकामी.

"खोली संतोषची, पंप संतोषचा, वावर संतोषचं," पुंजा म्हणाला. "आता राहिलं काय, मॅडम?"

राहिलं होतं काहीतरी. पण वरिष्ठांचा फोन आलाच, आणि संध्याकाळी संतोषला ताब्यात घ्यावं लागलं. लताबाई गाडीच्या आडवी आली.

"वहिनी, तुझ्या गळ्याची आण," संतोष एवढंच म्हणाला.

"हा भांडंल, बाई. मारनार नाय," लताबाई म्हणाली. "एक गेला. आता दुसऱ्यालाबी न्या, म्हंजे घर मोकळं."

त्या रात्री उज्वला जेवली नाही. तिला स्वतःचा राग आला होता. पट्टा तिनेच शोधला होता ना!

बुधवारी ती विंचूरच्या चौफुलीवर दिनेश बोराडेच्या दुकानात गेली. बियाणं, खतं, औषधं. मल्हारी गेले वर्षभर त्याच्याकडे खेपा घालत होता, असं लताबाई म्हणाली होती. दिनेश चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने खुर्ची पुसून दिली.

"मल्हारीबाबा तुमच्याकडे कशासाठी यायचे?"

"वाणाच्या नोंदणीसाठी. पण मॅडम, स्पष्टच सांगतो. वाण माझा आहे. सहा वर्षं घाम गाळलाय. बाबांना मी रोपं दिली, ते नुसतं सांभाळायचे. नोंदणीचा अर्जही माझ्याच नावाने आहे. शुक्रवारी अधिकारी पाहणीला येणार आहेत."

"कसा तयार केलात?"

"संकर. एक चकचकीत झाड मिळालं, त्याची फुलं आपल्या लाल कांद्याशी लावली. पहिल्याच साली सगळी रोपं चकचकीत निघाली. नशीब म्हणायचं."

उज्वलाने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

"वस्तीवर शेवटचं कधी गेलात?"

"दिवाळीला."

"सोमवारी?"

"नाशिकला होतो. दिवसभर. वाईट झालं हो, देवमाणूस. भाऊच वैरी निघाला म्हणे?"

दुकानातून निघून तिने पुंजाला चौफुलीवरच्या पेट्रोल पंपावर पाठवलं, कॅमेरा बघायला. स्वतः वस्तीवर गेली, शेडनेट बाजूला केलं आणि जाळीघरात शिरली.

आत पाऊल टाकलं आणि तिचा हात तोंडावर गेला. सोमवारची ती हिरवीगार पात तांबडी पडली होती. दांडे भाजल्यासारखे, गोंडे माना टाकून. एकही झाड सुटलं नव्हतं. तिने पंपाचं झाकण उघडून उरलेल्या पाण्यात काडी बुडवली आणि ती दोन बोटांत धरली. बोटं एकमेकांना चिकटली.

मग शेडनेट पुन्हा घट्ट बांधून घेतलं, आणि आत काय झालंय ते कुणाला सांगितलं नाही. लताबाईलाही नाही.

गुरुवारी सकाळी मोटारखोलीसमोर पाच-सात माणसं जमली. दोन पंच, पुंजा, कोठडीतून बेडीसकट आणलेला संतोष, लताबाई, आणि उज्वलाने बोलावलेला दिनेश. मागे शेडनेटने झाकलेलं जाळीघर.

"दिनेशराव, वाण तुमचा म्हणता," उज्वला म्हणाली. "उद्या पाहणीला माणसं यायची. आतल्या पातीवर करप्याचे ठिपके दिसतायत. आम्हाला यातलं कळत नाही. दाराशी बसवलेला माणूस आत सोडेल तुम्हाला. तुमच्या हाताने फवारून घ्या."

दिनेशचा चेहरा उजळला. पोलीसच त्याला मालक म्हणत होते! त्याने बाह्या सारल्या. फळीवरून करप्याची पुडी घेतली, मापलं, पुंजाने आणून ठेवलेल्या दुसऱ्या पंपात टाकलं, पाणी ओतलं. मग न बघताच त्याचा हात फळीच्या कोपऱ्याकडे गेला. पिवळी बाटली. स्टिकर. त्याने झाकणभर घेतलं.

"आरं नगं!" संतोष ओरडला. त्याचा दंड धरलेला शिपाई हिसक्याने पुढे आला. "स्टिकर नगं टाकू! जळंल समदं!"

दिनेशचा हात तसाच थांबला. "स्टिकरशिवाय कांदा कुणी फवारतं का?" तो हसून म्हणाला.

"नाही फवारत," उज्वला म्हणाली. "साध्या कांद्याच्या पातीवर मेण असतं. पाणी टाकलं की थेंब घसरून जातो. म्हणून औषधात हे चिकट टाकायचं, औषध पातीवर धरून राहावं म्हणून. या तालुक्यात चहात साखर टाकावी तसं टाकतात. संतोषनेही एकदा टाकलं होतं. पुंजाकाका, शेडनेट काढा."

शेडनेट खाली आलं. लताबाईच्या तोंडून आवाज निघाला, तो शब्द नव्हता.

"या पातीला मेण नाही," उज्वला म्हणाली. आवाज चढू न देण्यासाठी तिला प्रयत्न करावा लागत होता. "पाणी मुळात चिकटतंच. त्यात स्टिकर पडलं की औषध पातीत मुरतं आणि पात भाजून निघते. सोमवारी इथं ज्याने फवारलं त्याने पंपात स्टिकर टाकलं होतं. मल्हारीबाबा टाकणं शक्य नाही, आठ वर्षं त्यांनी ही पात पोटच्या पोरासारखी सांभाळली. संतोष टाकणं शक्य नाही, त्याने ती जाळून बघितलीय आणि भाऊ गमावलाय. ज्याने हा कांदा कधी एक दिवससुद्धा वाढवला नाही, तोच हे करू शकतो."

"संतोषनं मुद्दाम जाळलं असंल!" दिनेश म्हणाला. घाईत त्याची शहरी बोली सुटली.

"जाळायचंच तर फळीवर तणनाशक आहे. आणि करणाऱ्याला जाळायचं नव्हतंच, म्हातारा फवारताना मेला असं दाखवायचं होतं. आता दुसरं. प्रेत या खोलीतून जाळीघरात नेलं ते डोंगळ्यांतून ओढत. सदऱ्यावर राख आहे, पिकात पट्टा आहे. सरळ पायवाट सोडून छातीभर पिकातून का? वाट संतोषच्या अंगणातून जाते म्हणून. कुणी बघेल म्हणून. पण संतोषच्या घराला दोन दिवस कुलूप होतं, आणि ते त्याला माहीत होतं, वस्तीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बाहेरून आलेल्याला."

पुंजा खाकरला. "मॅडम, पेट्रोल पंपाचा कॅमेरा. सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यांची पांढरी गाडी इकडं वळली. तीन वाजता परत."

"आणि तुम्ही नाशिकला होतात," उज्वला दिनेशला म्हणाली. "तुम्ही मला सांगितलंत की संकरात पहिल्याच साली सगळी रोपं चकचकीत निघाली. लताबाईंना विचारा. पहिल्या साली एकही निघत नाही. हा गुण लपून बसतो. हे ज्याला माहीत नाही त्याने हा वाण केलेला नाही. अर्ज तुमच्या नावाने आहे हे बाबांना कळलं. म्हणून ते कोरा सदरा घालून, पुराव्याला डबा घेऊन, रस्त्यालगतच्या या खोलीपाशी तुम्हाला भेटायला आले, फवारायला नाही. शुक्रवारी मी अधिकाऱ्यांना सगळं सांगणार, असं म्हणाले असतील. हो ना?"

दिनेश पंपाकडे पाहत होता.

"ढकललं फक्त," तो शेवटी म्हणाला. "म्हातारा ऐकंचना. डबा छातीशी धरून बसला व्हता. म्हने, पैसा नगं, नाव लिव्ह. नुसतं नाव. मी ढकललं, तो लोखंडावर पडला."

"आणि नंतर तोंडात औषध ओतलंत."

पुंजाने बेडी संतोषच्या हातातून काढली आणि दिनेशच्या हातात घातली.

पत्र्याचा डबा दुपारी दिनेशच्या दुकानामागच्या गोदामात सापडला. वहीसकट. पानोपानी मल्हारीचं कोंबडीच्या पायासारखं अक्षर, पातींची चित्रं, चारात एक, चारात एक. उज्वलाने जप्तीचा पंचनामा वस्तीवर, लताबाईसमोर लिहिला आणि तिने न विचारता वाचून दाखवला.

"पत्र्याचा डबा एक, त्यात कांदा बियाणे अंदाजे दीड किलो. हस्तलिखित वही एक. मालक आणि वाणाचा निर्माता, मल्हारी सानप, मयत."

"परत एकदा वाचा," लताबाई म्हणाली.

उज्वलाने परत वाचलं.

"आता डबा द्या."

"मावशी, देता येत नाही." हे वाक्य कसं बोलायचं याचा ती रस्ताभर विचार करत आली होती. "हा मुद्देमाल आहे. कोर्टात जमा होतो. मी अर्ज करते, वकील गाठते. पण खुनाचा खटला आहे. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही."

"कांद्याचं बी वरीसभर तग धरतं," लताबाई म्हणाली. "मंग मरतं."

जाळीघरातली पात जळाली होती आणि डब्यावर तिने स्वतःच्या हाताने लाखेचं सील मारलं होतं. खुनी सापडला, नाव लिहिलं गेलं, आणि ज्याच्यापायी माणूस मेला ते तिच्याच कपाटात मरणार होतं. कायदा म्हणतात तो हाच.

संतोष उठून घरात गेला. माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोतं होतं, धुळीने माखलेलं. त्याने ते लताबाईच्या पायाशी ठेवलं.

"वहिनी, हे भेसळ झालेलं. गेल्या सालचं, अजून वरीस भरलं नाय. दादाच्या फुलांचं माझ्या फुलांना लागलेलं. याच्यावरच भांडलो त्याच्याशी."

लताबाईने पोत्याचं तोंड सोडलं. काळं बी मुठीत घेतलं आणि पाहत राहिली.

"पेरलं तर समदं साधंच निघंल," ती म्हणाली. "राखी."

"व्हय."

"मंग त्याचं बी धरायचं. जाळीत. मंग चारात एक."

"समद्यात नसंल, वहिनी. ज्याला दादाचं लागलं त्यातच."

"मंग समदं बघायचं. एक एक रोप." तिने मूठ परत पोत्यात रिकामी केली आणि हात पदराला पुसला. "तीन सालं लागतील."

"लागू दे," संतोष म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मल्हारीच्या ओट्यावर चढून बसला. मग तो रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा.

उज्वला डबा घेऊन गाडीत बसली. पुंजाने गाडी काढली. बांधाच्या बाजूने जाताना राखी पिकातला तो गर्द हिरवा पट्टा अजून तसाच दिसत होता.